साधं टपाल

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शिक्का हातात आला. तारखेचा, लोखंडी, लाकडी मुठीचा. आजपासून वाडीच्या टपाल कार्यालयाची पोस्टमास्तर मी. कार्यालय म्हणजे आमचीच पडवी. एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि भिंतीला टांगलेला लाल डबा, ज्याच्या पोटात पहिल्याच दिवशी पाल सापडली. दहावीच्या मार्कांवर नंबर लागला. इतकी वर्षं ते मार्क ट्रंकेत पडून होते, शेवटी कामाला आले.

सासूबाईंना, साळूबाईंना, मी आत्या म्हणते. सकाळपासून त्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "सून मास्तरीन झाली माझी." आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "पर अनिता, टपालाला मानूस लागतंय व्हय? फुंकर असताना कागद कोन लिवतंय?"

त्यांचंही चूक नाही. दोन्ही हातांची ओंजळ करायची, तोंडाशी धरून बोलायचं, ज्याला सांगायचं त्याचं नाव घेऊन फुंकायचं, की आपलाच आवाज त्याच्या कानात. वाडीतलं शेंबडं पोरही फुंकर घालतं, फक्त त्याच्या बोटांत फटी राहतात म्हणून अर्धे शब्द वाटेतच गळतात. सरकारनं मागं तारेवरून बोलायच्या पेट्या आणल्या होत्या. चावडीतल्या पेटीत आता साळुंक्या राहतात.

मग टपाल कुणाला लागतं? तर सरकारला. सरकारला तोंड नाही, ते फुंकर कुठून घालणार.

संध्याकाळी ह्यांची फुंकर आली. हे सणसवाडीला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर असतात, महिन्यातून दोनदा घरी. शिफ्ट सुटली की आधी आत्यांच्या कानात एक फुंकर, मग माझ्या. आज म्हणाले, "मास्तरीनबाई, आमच्या नावचं काय टपाल हाय का?" कानात गुदगुल्या होतात अजून, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी. मी उलट फुंकर घातली, सरकारी कामात अडथळा आणू नका.

झोप येत नाही. शिक्का उशाशी घेऊन झोपले तर आत्या हसतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. मारुतराव, सोसायटीचे चेअरमन. इकडंतिकडं बघून एक कार्ड मागितलं. नदीपलीकडं ज्यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं वाकडं, त्यांचे वडील वारले म्हणे. 'आपल्या दुःखात सहभागी आहे' एवढं लिहून द्यायचं होतं.

मी म्हटलं, "आप्पा, त्याला कार्ड कशाला? फुंकर घालायची की."

मारुतराव मिशीत पुटपुटले, "निघंना. तीनदा घातली. तळहातालाच चिकटून बसती."

ते गेल्यावर रखमाजी आबा हसून हसून खोकायला लागले. आबा मांडवगणहून सायकलवर पिशवी आणतात, दुपारी आमची घेऊन जातात. म्हणाले, "पोरी, फुंकरीत खोटं उडत न्हाई ह्ये तुला ठाव हाय. मग खोटं जातंय कशातनं? तर आपल्या पिशवीतनं. निम्मं टपाल सरकारी, निम्मं खोटं."

खरंच, मी असा विचारच केला नव्हता. आठवडाभराचं टपाल डोळ्यासमोर आणलं. लग्नाच्या पत्रिका, सगळ्यांना 'अगत्य येण्याचे करावे'. सोजरबाईंचं इनामगावच्या लेकीला कार्ड, 'माझे गुडघे बरे आहेत', आणि सोजरबाई आल्या होत्या भिंत धरत. म्हणजे मी खोट्याची मास्तरीण! हसू पण आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमी ल्हानपनापास्नं म्हनतोच की. कागद आला म्हंजी कायतरी झाकलं."

आबांनी अजून एक सांगितलं. पिशवीला लाखेचं सील लागलं की तिला कुठलाच मंतर लागत नाही. कुणी परत बोलवायला जपजाप केला तरी पिशवी आपल्या वाटेनं जाते. मारुतरावांनी एकदा स्वतःचंच पत्र मंतर घालून मागं ओढायचा प्रयत्न केला, तर पत्र राहिलं बाजूला, डाव्या बाजूची मिशी गेली. सहा महिने उजवी पण भादरून हिंडत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गुरुवारपासून फुंकर नाही. आत्यांनाही नाही. शिफ्ट बदलली असेल. मी चार घातल्या, हातातून सुटल्या म्हणजे पोचल्याच असणार. उत्तर नाही. आज हिशोबात दोनदा चूक केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचं कार्ड आलं! आबांनी पिशवी उघडली तेव्हा वरच होतं. आमच्या नावचं पहिलं टपाल. खुशीत शिक्का मारला तो अर्धा टेबलावर उमटला.

'सौ. अनितास, मी मजेत आहे. सध्या रात्रपाळी चालू आहे, त्यामुळे फुंकर जमत नाही. आईची काळजी घे. तुझे काम नीट कर, सुट्टी काढू नकोस. सत्यजीत.'

अक्षर त्यांचं नाही. गोल गोल, शाळेतल्यासारखं. खोलीवरच्या पप्पूनं लिहिलं असणार. पप्पू ह्यांच्याच प्रेसवर काम करतो, दोघं एका खोलीत राहतात. पण रात्रपाळीत काय दोन तळहात जोडायला वेळ मिळत नाही? आणि दोन ओळी पप्पूकडून लिहून घ्यायला मिळतो?

आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि देव्हाऱ्यामागं सरकवलं. मी म्हटलं, बायकोच्या हापिसाला गिऱ्हाईक पाहिजे म्हणून लिहिलं असेल. ते बोलताना मला बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं कार्ड. ह्या वेळी अक्षर पप्पूचं नाही आणि ह्यांचंही नाही. वेडंवाकडं, ओळी उतरत खाली गेलेल्या, 'आई'तला 'ई' तर पार कोलमडलेला. पिऊन लिहिलं की काय? आजवर कधी हात लावला नाही, पण सणसवाडीत काय, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं आहेत.

मजकूर तर त्याहून न्यारा. 'बटणाचे शर्ट राहू दे. गळ्यातून घालायचे टी-शर्ट असतील ते पाठव. बूट नको, चप्पल पाठव. मी मजेत आहे.'

टी-शर्ट! ज्या माणसाला मी लग्नानंतर टी-शर्ट घेतला तर म्हणाला होता, मी काय कॉलेजात जातो का, तो आता मागतोय. चाळिशी जवळ आली की पुरुषांना असं होतं म्हणतात. दोन टी-शर्ट धुऊन, घडी घालून पार्सल केलं. त्यातला निळा त्यांना शोभतो. तो मी मागं ठेवणार होते, पण शेवटी तोच वर ठेवला.

६ मार्च, गुरुवार

पार्सल पोचल्याचं कार्ड. 'टी-शर्ट मिळाले. मी मजेत आहे.'

मी इतके दिवस मूर्खासारखी मजकूर वाचत बसले. आज शिक्का बघितला. पोस्टमास्तर झाले आणि शिक्काच बघितला नाही, नाव काढलं मी! शिक्का दौंडचा आहे. मागची दोन कार्डं देव्हाऱ्यामागून काढली. पहिलं सणसवाडीकडचं, दुसरं दौंड.

सणसवाडी कुठं, दौंड कुठं. कंपनी तिकडं आणि कार्ड दौंडच्या डब्यात पडतंय.

फुंकर घातली, "दौंडात काय करताय?" सुळकन निघाली. ऐकली असणार. आता बघू.

इथून पुढं ह्या वहीत मी त्याला तो म्हणणार आहे. अहोजाहो लोकांसमोर.

१४ मार्च, धुळवड

तो आला नाही. आत्यांनी पुरणपोळी झाकून ठेवली होती, आज दुपारी म्हशीला घातली. दिवसभर मी पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत. आज सुट्टी, पिशवी नाही. पिशवी नसली की हात रिकामे राहतात आणि डोकं चालू होतं.

आत्या म्हणाल्या, "बस जरा एका जागी. पायाला भिंगरी बांधलीस का काय?" त्या असलं काहीही बोलतात. बसले. परत उठले.

मला काही फरक पडत नाही. माझी नोकरी आहे, माझा शिक्का आहे.

१९ मार्च, बुधवार

माझ्या फुंकरीला उत्तर म्हणून कार्ड आलं. उशिरा का होईना, सुचलं. 'कामानिमित्त दौंडला असतो. काही दिवस इथेच मुक्काम. पत्ता, प्रतिभा खानावळ, स्टेशनजवळ, दौंड. तू येऊ नकोस, नोकरी सांभाळ. मी मजेत आहे.'

प्रतिभा. छान नाव आहे.

प्रेसवरच्या माणसाला दौंडात कसलं काम? आणि तू येऊ नकोस, तू येऊ नकोस. पहिल्या कार्डात सुट्टी काढू नकोस, ह्यात येऊ नकोस. मी काय दारात उभी आहे काय बॅग घेऊन?

सोजरबाई कार्ड टाकायला आल्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "ल्योक लिवतोय म्हनं साळूबाईचा, फुंकर सोडून." म्हणजे वाडीभर झालंय. कार्डाला पाकीट नसतं, आणि वाडीला दुसरं काम नसतं.

२४ मार्च, सोमवार

दुपारी भाकरी थापत होते. कानात मारुतरावांचा आवाज.

"अनिता, मारुतराव बोलतोय. दौंडाला आलोय. स्टेशनापाशी खानावळीत सत्यजीत बसलेला. एक बाई शेजारी बसून हातानं घास भरवत हुती त्येला. मला बघून त्येनं मान फिरवली. म्हनलं तुला कळावं."

हातात पीठ तसंच. मारुतराव माणूस कसाही असो, ही फुंकर होती. निघाली म्हणजे खरी.

घास भरवत होती! लग्नात मला घास भरवताना हा माणूस इतका लाजला की श्रीखंड माझ्या नाकाला लागलं, सगळा मांडव हसला. आणि आता स्टेशनजवळ, चारचौघांत.

भाकरी करपली. आत्या काहीतरी विचारत होत्या, मला ऐकू आलं नाही. रडले नाही. पडवीत जाऊन शिक्क्याची तारीख उद्याची लावून ठेवली.

२५ मार्च, मंगळवार

ठरलं. आता रडत बसायचं नाही, भांडायचं नाही, एका वाक्यात संपवायचं. आणि कागदावर नाही. मी त्याच्यासारखी नाही. जे सांगायचं ते माझ्या आवाजात, फुंकरीनं, म्हणजे त्याला शंका राहणार नाही.

पहाटे ओट्यावर गेले. ओंजळ केली, म्हटलं, "आजपास्नं तुमचा माझा संबंध संपला. मला तुमची गरज न्हाई." नाव घेतलं, फुंकलं. शब्द तळहातावर ओलसर होऊन बसून राहिले.

वारा पडला होता. विहिरीवर गेले, तिथं थोडी झुळूक असते. तिथंही तेच. लाख लावून लावून तळवे राठ झालेत, म्हणून कोमट पाण्यानं धुतले, तेल लावलं. बोटांत फट राहत असेल म्हणून घट्ट आवळली, नखं रुतेपर्यंत. नाही निघाली. एकदा 'गरज न्हाई' एवढंच घालून बघितलं. एकदा नुसतं 'संपलं'. एवढी खरी गोष्ट, आणि निघत नाही!

हात बिघडला की काय बघायला सोजरबाईंना फुंकर घातली, तुमच्या लेकीचं कार्ड आलंय. भुर्रकन गेली, घटकेत बाई दारात. म्हणजे हात ठीक आहे. दिवसच वाईट असेल. अमावस्या जवळ आली की फुंकरी जड होतात असं आजी म्हणायची.

२६ मार्च, बुधवार

कार्ड लिहिलं.

'सत्यजीत यांस. आजपासून तुमचा माझा संबंध संपला. मला तुमची गरज नाही. घरी येऊ नये. अनिता.'

बोरूनं लिहिल्यासारखं सुंदर अक्षर आलं, एक काना इकडचा तिकडं नाही. पत्ता लिहिला, प्रतिभा खानावळ. शिक्का असा मारला की टेबल हाललं.

आबांनी टपाल पिशवीत भरताना ते कार्ड सगळ्यांत शेवटी घेतलं. कार्ड उघडंच, आणि आबांची नजर अजून चांगली आहे. म्हणाले, "पोरी, आज गुडघा दुखतुया. जरा बसतो, च्या टाक. पिशवी थोड्या येळानं न्हिऊ."

मी म्हटलं, "आबा, पिशवी वेळेत गेली पाहिजे."

"व्हय, पर..."

"वेळेत न्या."

लाख मीच ओतली. आबांनी सायकल काढली, वळणापर्यंत मागं बघत गेले.

आता मोकळं वाटतंय. एकदम मोकळं. जेवले नाही, भूक नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार

लिहिता येत नाहीये नीट. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

संध्याकाळी टेम्पो आला. पप्पू उतरला. मागं ह्यांची ट्रंक, गादी, स्टो. मी दारात उभी. मनात म्हटलं, बघा, कार्ड पोचायच्या आधीच सामान धाडलं, एवढी घाई!

पप्पू म्हणाला, "वैनी, सनसवाडीची खोली सोडली. दादांचं सामान आनलंय. हात कसा हाय आता? मी पंधरा दिस गेलो न्हाई दौंडाला."

"कुणाचा हात?"

त्याच्या हातातला स्टो खाली टेकला. "दादांनी लिवलं न्हाई? मला तर म्हनले, समदं लिवलंय म्हनून."

मग सांगितलं. फेब्रुवारीतच, त्या गुरुवारी, प्रेसमध्ये उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. दवाखान्यात असताना पहिलं कार्ड पप्पूनं लिहिलं, हे सांगतील तसं. नंतरची डाव्या हातानं. खोलीवर करायला कोण नाही म्हणून पप्पूनं त्यांना दौंडला थोरल्या बहिणीकडं ठेवलं. प्रतिभा ही पप्पूची बहीण. तिची खानावळ आहे, पदरात दोन पोरं आहेत.

"आन् घास?" मी विचारलं.

"डाव्या हातानं जेवत न्हाईत ना वैनी. म्हनत्यात, ताटात डावा हात घालनार न्हाई, उपाशी ऱ्हाईन. मग ताई भरवती. बारक्याला भरवती तसं, वरडून वरडून."

मी पायरीवर बसले. ओंजळ. दोन हातांची ओंजळ लागते, फट नसलेली. सगळ्या वाडीला, शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट, आणि मी टी-शर्टचंच नवल करत बसले. बटणं! एका हातानं बटणं लागत नाहीत.

आणि माझं कार्ड पिशवीत आहे. आबा म्हणतात, इथलं टपाल मांडवगण, मग शिरूर, मग पुण्याला वळसा घालून दौंडला उतरतं. नदीच्या पलीकडचं गाव आणि कार्ड जातं सगळा जिल्हा हिंडून. उद्या शनिवार. उद्या वाटप होईल. लाखेचं सील मीच लावलं, त्याला मंतर लागत नाही. गेलेलं खोटं परत आणायला कुणाकडं जाऊ?

फुंकर घालू? काय सांगू फुंकरीत, माझं कार्ड येईल ते वाचू नका? बोटं थरथरत होती, शब्द गळून पायरीवर पडले.

आत्या मागं उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. म्हणाल्या, "काय झालंय माझ्या सत्याला?"

मी म्हटलं, काही नाही, थोडं लागलंय.

"तोंडानं नको. माझ्याम्होरं ओंजळ कर आन् मला फुंकर घाल. मग खरं काय ते कळंल."

हातभर अंतरावर उभं राहून मी त्यांना फुंकर घातली. सगळं. बोटांचं, घासाचं, माझ्या कार्डाचंही. तेव्हा बोटं थरथरली नाहीत.

आत्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला. "पोरगं हाय न्हवं जिवंत? मग बोटाचं काय घिऊन बसलीस. सकाळी जा. कार्डाच्या आधी पोच."

शनिवारची पिशवी आबा सांभाळतील. नियमात बसत नाही. बसत नाही तर नाही.

२९ मार्च, शनिवार, दौंड

पप्पूनं टेम्पोतून नदीपलीकडं आणलं. वाटेत पुलावर उसाचा ट्रॅक्टर अडकलेला, मी खाली उतरून चालायला लागले, पप्पू हाका मारत मागं. मला वाटत होतं कार्ड माझ्या शेजारून चाललंय.

खानावळ म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी. प्रतिभा चुलीपाशी होती. दणकट बाई, कमरेला एक पोर, पदराला एक. मी कोण ते न सांगताच ओळखलं तिनं. "आलीस का बाई, लई उपकार झाले. तुझा नवरा काय माझं आयकत न्हाई." एवढं बोलून आत बोट दाखवलं.

ते मागच्या बाजूला बसले होते. निळा टी-शर्ट. डाव्या हातानं लसूण सोलायचा प्रयत्न चाललेला. उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर. वर बघितलं आणि पहिला शब्द काय, तर, "तू? आन् हापिस?"

"आबांकडं दिलंय."

"असं देता येतंय व्हय?" आणि मग मान खाली. "तुला नोकरी लागून दोन हप्तं झालं नव्हतं. तू समदं टाकून आली असतीस. म्हनून न्हाई सांगितलं. आईला बी."

मी शेजारी बसले. टॉवेलाकडं बघवत नव्हतं. विचारलं, "पोस्टमन येऊन गेला?"

"न्हाई. जेवनाच्या टायमाला येतो. का?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. लसूण पुढ्यात ओढला आणि सोलत राहिले. देवा, ते कार्ड हरवू दे. मी पोस्टमास्तर, आणि टपाल हरवावं म्हणून नवस बोलत होते. पाकळी सोलायची, दाराकडं बघायचं. सायकल वाजली की उठायचं. प्रतिभा म्हणाली, "बस की गं, काय इंगळी चावली का?"

पोस्टमन आला. बाकड्यामधून मी आधी पुढं गेले. त्याच्या गठ्ठ्यात माझं अक्षर लांबूनच दिसलं.

"ते माझं कार्ड आहे. मीच टाकलंय, मला द्या."

त्यानं नाव वाचलं. "तुमी टाकलं आसंल बाई. पन नाव कुनाचं हाय?"

मी असते तरी दिलं नसतं. त्यानं कार्ड सत्यजीतच्या डाव्या हातात ठेवलं आणि पुढं गेला.

त्यांनी वाचलं. तीन ओळी वाचायला केवढा वेळ लावला. मी फरशीकडं बघत होते, लसणाची सालं पायाला चिकटली होती. प्रतिभानंही परात वाजवायची थांबवली. त्यांनी कार्ड उलटं करून शिक्का बघितला, परत सुलटं केलं.

मग म्हणाले, "फुंकर निघाली न्हाई व्हय?"

"न्हाई."

"घालून बघितलीस?"

"ओट्यावर, हिरीवर. तेल लावून. लई डाव."

डोळे भरून आले त्यांचे, पण तोंडावर हसू होतं. "मग बरं झालं. खरं आसतं तर सुटलीच आसती की तुझ्या हातनं. कागदावर लिवलंस म्हंजी मला कळलंच."

मी तिथंच, त्या बाकड्यावर, प्रतिभाच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या समोर हमसून रडले. तुझ्या हातून सुटली असती, असं म्हणाले. मला स्वतःला कळलं नव्हतं ते, चार दिवस. वाऱ्याला नावं ठेवत होते.

असलं वाईट कार्ड वाचलं की फाडतात, घरात ठेवत नाहीत. त्यांनी फाडायला घेतलं. डाव्या हातात धरलं, दुसरं टोक दातात. कार्ड जाड, फाटेना. मी नुसती बघत होते, कारण एकदा वाटप झाल्यावर ते माझं नव्हतं. त्यांनी दातातून टोक काढलं आणि माझ्यापुढं केलं. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि ओढलं. मग परत. चार तुकडे प्रतिभानं चुलीत टाकले आणि ताट वाढलं.

ताटाला त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, "बरं हाय ना आता? दुखत न्हाई ना?" सवयीनं विचारलं.

ते मजेत आहे म्हणायला निघाले होते, 'म' ओठावर आलेला मी बघितला. तो गिळला त्यांनी.

"लई दुखतंय, अनिता," म्हणाले. "रातीचं तर जी बोटं न्हाईत, ती बी दुखत्यात."

मी टॉवेल सोडला, हात माझ्या मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितला.